आतून पुसलेली नळी

जो रक्ताच्या थेंबाथेंबाबरोबर वाहतो आणि तरी जागचा हलत नाही. जो हृदयाला अखंड चालवतो आणि चालवल्याचे कधी ऐकवत नाही. ज्याने देहाचे घर बांधताना बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या गिलाव्याची काळजी अधिक घेतली, त्या अंतर्यामी सद्गुरूच्या चरणी आधी मस्तक ठेवतो. मग श्रोत्यांना वंदन. आणि मग ही लहानशी गोष्ट.

“मग खोटं कोण बोलतंय, बुवा? मी, की तो?”

बुवा पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसले होते. हातातली काडी मोडली. त्यांनी दुसरी घेतली.

“कुणीतरी खोटं असायलाच हवं का?”

“हवंच. औषध एकच, नळी एकच. त्याच्या हाती ती सैल पडते, माझ्या हाती आवळते. दोन्ही खरं कसं असेल?”

“हं…”

बुवांनी पत्रावळ डोळ्यांसमोर धरून उजेडात पाहिली. एक भोक राहिले होते. त्यावर त्यांनी पान लावले.

विचारणारी होती डॉक्टर कुमुद अष्टेकर. शहरातल्या वैद्यक महाविद्यालयात ती औषधांचा अभ्यास करी. कृष्णेच्या काठचा हा लहानसा मठ शहरापासून एस.टी.ने दीड तासाच्या अंतरावर. मोरेश्वरबुवा मठाचे अधिकारी. कुमुदचे वडील त्यांचे शिष्य. वडील गेले, आणि त्यांच्या पादुकांबरोबर गुरूही लेकीच्या वाट्याला आले. वर्षातून दोनदा ती येई, आणि दोन्ही वेळा एकच विचारी, “बुवा, मन स्वच्छ कसं करावं?” बुवा दोन्ही वेळा तिच्या हातावर खडीसाखर ठेवीत.

या खेपेला मात्र ती मनाचे काही विचारायला आली नव्हती. पिशवीत एक कागद होता. त्यावर तिची सही व्हायची होती. ती करण्याआधी आशीर्वाद घ्यावा, एवढाच हेतू.

“नीट सांग,” बुवा म्हणाले. “मला अडाण्याला कळेल असं.”

कुमुद जरा घुटमळली. “मठात बसून सांगण्यासारखं नाही ते. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या नळ्या असतात…”

“देहाची गोष्ट देवाच्या दारात काढायची नाही, तर कुठे काढायची? सांग.”

तिने सांगितले. हृदयातून रक्त नेणाऱ्या नळ्या काही लोखंडी नळासारख्या नसतात; त्यांच्या भिंतीत स्नायू असतो. तो आवळला की नळी अरुंद होते, रक्ताचा दाब चढतो. तो सैलावला की वाट रुंद होते, दाब उतरतो. असे एक औषध आहे, की जे जिवंत देहात टोचले की नळ्या सैलावतात. हे साऱ्या जगाला ठाऊक. पण तीच नळी देहाबाहेर काढून, कोमट क्षारपाण्यात टांगून, तेच औषध कुमुदने पाण्यात सोडले, की नळी सैल पडायची सोडून उलट आवळत होती. एकदा नाही, दोनदा नाही; एकोणचाळीस वेळा.

“आणि तुझा तो दुसरा?”

“हिंगमिरे. आमच्याच प्रयोगशाळेत आहे. त्याच्या नळ्या म्हणे सैलावतात!” तिच्या ओठाला मुरड पडली. “बुवा, तुम्ही त्याचं टेबल बघा एकदा. चहाचे डाग, सुपारीची खांडं, दोऱ्यांचा गुंता. आणि तोंडानं सतत गुणगुणणं. असल्या माणसाचा प्रयोग खरा, आणि माझा खोटा?”

“म्हणून?”

“म्हणून सोमवारी समिती बसतेय. त्यानं नोंदी हातानं रेखाटल्या, प्रयोग केलाच नाही, असं मी लेखी देणार आहे. त्याची नोकरी जाईल. वाईट वाटतं… पण सत्याकडे पाठ फिरवून चालत नाही.”

बुवांनी पाचवी पत्रावळ चवडीवर ठेवली.

“हा हिंगमिरे नळ्या कापतो कशा गं?”

“कशा म्हणजे? कशातरी! मी नळी उभी चिरते, पुस्तकासारखी उघडते, कापडानं आतून लख्ख पुसते. रक्ताचा कण राहू देत नाही. हा बाबा काकडीच्या चकत्या कराव्या तशा बांगड्या कापतो आणि टांगतो आकड्याला. आतून पुसत नाही, बघत नाही, काही नाही.”

“आतून पुसत नाही…”

“छे!”

मठाच्या चिंचेवर एक खार उलटी लटकून यांच्याकडे पाहत होती. बुवांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, जणू तिनेच काही विचारले होते.

“उद्या गुरुवार,” ते म्हणाले. “कढी असते प्रसादाला. ते पितळी पातेलं अडगळीतून काढलंय, तेवढं विसळून ठेव. कागदाचं संध्याकाळी बघू.”

*

पातेले चांगले दोन हात रुंद होते. कुमुद ते विहिरीच्या कट्ट्यावर घेऊन गेली. बाहेरून पिवळे, धुरकटलेले. आतून मात्र राखाडी, निस्तेज, जागोजागी काळपट. वर्षभराची साय जणू बुडाला चिकटून वाळली आहे, असे दिसत होते.

हिचा जन्म वसतिगृहांत गेलेला. तिथे ॲल्युमिनियमची, म्हणजे ‘जर्मन’ची ताटे; पुढे पगार सुरू झाला तेव्हा स्टेनलेसची. पितळेशी तिचा संबंध देवघरातल्या समईपुरता.

“विसळून ठेव म्हणे,” ती स्वतःशी म्हणाली. “हे विसळून निघणार आहे का?”

तिने विटेचा भुगा घेतला, नारळाचा काथ्या घेतला, पदर खोचला. आधी जोर लावून, मग गुडघे टेकून, मग अर्धे अंग पातेल्यात घालून ती घासत राहिली. राखाडी पडदा हळूहळू विरळ झाला. खालून पिवळा ठिपका डोकावला. तिला कोण आनंद झाला! ठिपक्याचा तुकडा झाला, तुकड्याची वाटी झाली. तासाभराने पातेले आतून असे झळकू लागले, की तिला त्यात आपला चेहरा दिसला… घामाघूम, आणि अत्यंत समाधानी.

मठाच्या ओसरीवरून बुवा पाहत होते. त्यांनी एकदा तोंड उघडले. मग मिटले.

पातेले चुलीपाशी आणून ठेवले, तेव्हा स्वयंपाकघरातून काशीआक्का बाहेर आल्या. मठाच्या चुलीवर त्यांची तीस वर्षांची सत्ता. त्यांनी पातेल्यात पाहिले. कुमुदकडे पाहिले. पुन्हा पातेल्यात पाहिले.

“डाक्टरीणबाई… हे काय केलंत?”

“लख्ख केलं.”

“लख्ख केलं! अहो, आतली कथलाची कल्हई खरवडलीत की सगळी! दिवाळीला लावलेली, जेमतेम शिमग्यापर्यंत पुरली असती. आता ह्यात ताक घालू का माझं डोंबल? पितळ लागून कळकेल की सगळं!”

“आक्का, आतून स्वच्छ केल्यावर ताक बिघडेल कसं? उलट…”

“उलट म्हणे! बुवा, ऐकताय का? एवढी शिकलेली पोर आणि हिला कल्हई ठाऊक नाही! आता उद्या चारशे पानं, आणि मी कढी काय ह्यांच्या स्टेथास्कोपात करू?”

बुवा हसू लागले. ते हसणे आतून येई. आधी पोट हले, मग खांदे, आणि आवाज सगळ्यांत शेवटी.

“कुमुदच्या म्हणण्यात काही चूक दिसत नाही,” ते म्हणाले. “स्वच्छ भांड्यात ताक बिघडावं कशाला? आक्का, एक पळी ताक आणा.”

“बुवा!”

“एकच पळी.”

ताक आले. बुवांनी अर्धी पळी त्या झळझळीत पातेल्यात ओतली. उरलेली अर्धी पळी कोनाड्यातल्या एका लहान पितळी चरवीत ओतली. ती आतून पांढुरकी, फिकी, मुळीच न झळकणारी. दोन्ही भांडी त्यांनी ओसरीवर कुमुदच्या पुढ्यात मांडली.

“आरती होईपर्यंत बस ह्यांच्यापाशी. चाखायचं नाही. नुसतं बघायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

*

ऊन कलले. काशीआक्का शेजारच्या वस्तीवरून दुसरे पातेले मागून आणायला निघाल्या. जाताना त्यांनी कुमुदकडे असे पाहिले, जसे कोणी परीक्षेला बसवलेल्या मुलाकडे पाहते.

कुमुद बसून राहिली. आधी तिला राग आला. मग कंटाळा आला. मग, दुसरे काहीच करायला नसल्यामुळे, ती खरोखरच पाहू लागली.

चरवीतले ताक होते तसेच होते. पांढरे, शांत.

पातेल्यातल्या ताकाच्या कडेला एक बारीक रेघ उमटली होती. हिरवट. तिने डोळे चोळले. रेघ रुंदावली. मांडीवरची धूळ झटकून ती जवळ वाकली, तर नाकाला कडवट, तांब्याच्या पैशासारखा वास आला. तिने नाक मागे घेतले.

“कळकलं,” मागून बुवा म्हणाले.

“हो… कळकलं.”

“ताक एकाच माठातलं?”

“एकाच.”

“पितळ?”

“दोन्ही पितळच.”

“मग खोटं कोण बोलतंय, बाळ? पातेलं, की चरवी?”

कुमुदने एकदा पातेल्यात पाहिले, एकदा चरवीत.

आत आरतीची घंटा वाजू लागली. ती उठली नाही. तिचे डोळे चरवीच्या आतल्या त्या फिक्या थरावर खिळले होते. केवढा पातळ! नखाने निघावा एवढा. ताक आणि पितळ यांच्यामध्ये तेवढेच काय ते होते…

‘आतून लख्ख पुसते.’ सकाळी हे आपणच बोललो. किती ऐटीत बोललो!

नळीच्या आतही एक अस्तर असते. तिने सूक्ष्मदर्शकातून ते शंभरदा पाहिले होते. एकाच पेशीच्या जाडीचा थर. पुस्तके त्याला दोन ओळी देत आणि पुढे जात. नळीला आतून गुळगुळीत ठेवणारा कागद, याहून त्याची थोरवी कोणी मानलेली नव्हती. त्याला काही कळते, तो शेजारच्या स्नायूला काही सांगतो, असे तिच्या काळी तिच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. काम करतो तो स्नायू. आणि स्नायू तर तिने नीट राखला होता.

एकोणचाळीस नळ्या. एकोणचाळीस वेळा कापड.

“बुवा,” ती पुटपुटली, “मी प्रत्येक वेळी… कल्हई…”

आरती संपली होती. बुवांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

“कागदाचं काय करायचं ते संध्याकाळी बघू, असं म्हणालो होतो,” ते म्हणाले. “संध्याकाळ झाली.”

“कागद राहू द्या, बुवा. उद्याची पहिली एस.टी. किती वाजता आहे?”

“सहाला. पण तुला प्रसादाची कढी चुकेल.”

“आज मिळाला तेवढा पुष्कळ झाला!”

आणि ती इतक्या मोठ्याने हसली, की चिंचेवरची खार पळाली.

*

गुरुवारी दहाच्या सुमाराला ती प्रयोगशाळेत शिरली, तेव्हा तातोबा हिंगमिरे आपल्या टेबलाशी सुपारी कातरत होते. पन्नाशीचा, थुलथुलीत, भिडस्त माणूस. तिला पाहून त्यांनी अडकित्ता खिशात लपवला.

“बाई… तुम्ही माझ्यावर कागद लिहिलाय म्हणे.”

“लिहिलाय.”

“हं…” ते दोऱ्याच्या गुंत्याकडे पाहत राहिले. “सही?”

“व्हायचीय. हिंगमिरे, एक विचारू? तुम्ही नळी उभी का चिरत नाही? आतून पुसत का नाही?”

हिंगमिरे ओशाळले. त्यांनी आपली जाड बोटे पुढे केली. डाव्या हाताच्या तीन बोटांवर जुने व्रण होते.

“चिरायला गेलो की नळीआधी माझं बोट चिरतं, बाई. लहानपणापासून हाताला कंप आहे. म्हणून आपल्या बांगड्या कापतो. आणि बांगडीच्या आत कापड जाणार कसं? तुमच्यासारखी शिस्त माझ्या हाताला नाही, हे कबूल आहे मला. पण रेघ मी काढली नाही हो. रेघ तिची तिनंच काढली.”

त्यांनी बाहीने डोळे टिपले. कुमुदने मान खाली घातली. मग बाह्या सारल्या.

“चला. एकच नळी घेऊ. चार तुकडे करू. दोन बांगड्या तुम्ही कापा, दोन फिती मी कापते. दोन्हींतलं एकेक आतून पुसू, बांगडीत बारीक काडीला कापड गुंडाळून; आणि एकेकाला आतून बोटसुद्धा लावायचं नाही.”

“आणि मग?”

“मग बघायचं. नुसतं बघायचं.”

काचेच्या चार नळकांड्यांत क्षारपाणी भरले. ते अंगाच्या उबेइतके कोमट केले. प्राणवायूचे बुडबुडे सोडले. चारही तुकडे दोऱ्याने चार काड्यांना बांधले. काडीचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकवले. कागद ढोलाला गुंडाळलेला, ढोल संथ फिरणारा. नळी आवळली, की काडी वर चढावी आणि काजळीत पांढरी रेघ वर जावी. नळी सैलावली, की रेघ खाली यावी. नळी बोलते ती अशी.

आधी आवळणारे औषध दिले. चारही रेघा वर चढल्या आणि थांबल्या.

मग कुमुदने ते दुसरे औषध हातात घेतले, आणि नळकांड्यावर धरून ती थांबली.

“सोडा, बाई,” हिंगमिरे हलकेच म्हणाले. “भिऊ नका.”

तिने सोडले.

पुसलेली फीत आणखी वर गेली. पुसलेली बांगडी आणखी वर गेली.

न पुसलेली बांगडी…

ढोल फिरत होता. बुडबुडे वर येत होते.

न पुसलेल्या बांगडीची रेघ क्षणभर अडखळली, आणि मग उतरू लागली. घाट उतरणाऱ्या बैलगाडीसारखी, सावकाश, न डगमगता, खाली… खाली… तिच्या शेजारी, कुमुदने आपल्या हाताने उभी चिरलेली, पण न पुसलेली फीत, तीही तिच्यामागोमाग.

“सैलावली!” कुमुद ओरडली. “हिंगमिरे, माझी फीत सैलावली!”

“दिसतंय हो, दिसतंय!”

“चाळिसावी! माझी चाळिसावी सैलावली!”

तिने टाळ्या वाजवल्या, तेव्हा काजळी उडून तिच्या नाकावर बसली. हिंगमिऱ्यांनी दाखवायला बोट नेले आणि संकोचाने मागे घेतले. तिने स्वतःच पुसायला हात उचलला. मग थांबली.

“राहू दे,” ती म्हणाली. “पुसण्याचा धसका घेतलाय मी.”

मग दोघेही लहान मुलांसारखे हसले, आणि हसता हसता हिंगमिऱ्यांनी अडकित्ता पुन्हा बाहेर काढला.

शुक्रवारी त्यांनी पुन्हा करून पाहिले. शनिवारी पुन्हा. पेशींच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून चांदीच्या क्षाराचे पाणी लावून तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. न पुसलेल्यांच्या आत देवळाच्या फरशीसारख्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या, आणि पुसलेल्यांच्या आत नुसती उघडी भिंत. अस्तर जागेवर असेल, तर ते औषधाचा निरोप ऐकते आणि स्नायूला सांगते, ‘सैल हो.’ अस्तर नसेल, तर औषध थेट स्नायूच्या अंगावर जाते, आणि स्नायू आवळून बसतो. निरोप कोणत्या रूपाने जातो, हे त्या दोघांना कळले नाही. पुढे जाणत्यांनी ते शोधले, त्याला नावे दिली. तो इतिहास मोठा आहे, आणि आपली गोष्ट लहान आहे.

सोमवारी समितीपुढे कुमुद उभी राहिली. काजळीचे बारा कागद तिने टेबलावर मांडले.

“हिंगमिरे खरे आहेत,” ती म्हणाली. “माझ्याही एकोणचाळीस रेघा खऱ्या आहेत. खोटा होता तो माझा कागद. त्यावर मी सही केलेली नाही, आणि करणारही नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. “मग चूक कुणाची म्हणायची?”

“माझ्या हाताची. फार स्वच्छ होता तो.”

*

पुढच्या गुरुवारी ती मठात आली, तेव्हा अंगणात भाता फुंकला जात होता. वस्तीवरचे उस्मानभाई कल्हईवाले जमिनीत खड्डा करून बसले होते. निखाऱ्यांवर ते ओळखीचे पातेले तापत होते. बुवा शेजारी उकिडवे बसून, लहान मुलाच्या कौतुकाने पाहत होते.

“आलीस? बरी आलीस. उस्मानभाईंना जाळ कमी पडतोय.”

कुमुदने पिशवीतून कागद काढला. एकदा पाहिला. चार घड्या केल्या आणि निखाऱ्यांत ठेवला. कागद काळा झाला, वळला, आणि भप्पकन पेटला.

“वा, मॅडम!” उस्मानभाई म्हणाले. “चांगला सुका होता.”

पातेले लाल व्हायच्या बेतात आले. उस्मानभाईंनी त्यात नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला, काशीआक्का खोकत खोकत मागे सरल्या. कथलाची कांडी बुडाला टेकवली. मग कापसाचा बोळा घेऊन त्यांनी हात असा एकदाच गोल फिरवला, की पितळेवरून चांदणे सरकत गेले.

“एवढ्याशा कथलावर चारशे माणसांची कढी!” कुमुद म्हणाली.

“मग! सांगत काय होते मी?” काशीआक्का म्हणाल्या. पण आता त्यांच्या स्वरात लोणी होते. “आज जेवून जायचं, डाक्टरीणबाई. आणि भांड्याला हात लावायचा नाही.”

कुमुदने बुवांना सगळे सांगितले. चार तुकडे, बारा कागद, हिंगमिऱ्यांचे ओले डोळे, अध्यक्षांचा चष्मा. बुवांना नळ्यांचे किती कळले, कोण जाणे. पण रेघ खाली उतरल्याचे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि “अहाहा!” म्हणाले.

“बुवा, एक विचारू? मी ते पातेलं घासत होते, तेव्हा तुम्ही ओसरीवरून पाहत होता.”

“होतो.”

“मग थांबवलं का नाही?”

“इतक्या प्रेमानं घासत होतीस…” बुवांचे पोट हलू लागले, मग खांदे. “म्हटलं, ह्या पोरीला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून चुकताना बघतोय. मोडता कशाला घाला?”

काशीआक्कांनी पदर तोंडाला लावला. उस्मानभाई भात्यावर वाकून हसले. कुमुदही हसली, हसता हसता डोळ्यांत पाणी आले, आणि तिने ते पुसले नाही.

मग ती बुवांच्या पायांशी बसली. पातेले निवत होते. त्याच्या आत आता चेहरा दिसत नव्हता. नुसता फिका, मऊ उजेड होता.



“बुवा,” तिने शेवटी आपला जुना प्रश्न काढला, “मन स्वच्छ कसं करावं?”

बुवांनी खडीसाखरेच्या डबीकडे हात नेला. मग तो आवरता घेतला. तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले,

“विसळ.”

*

श्रोते हो, ज्याने ही गोष्ट ऐकली, त्याच्या देहातले अस्तर अभंग राहो. सुखाचा निरोप आला की त्याच्या नळ्या सैलावोत आणि रक्त आनंदाने वाहो. ज्या घरात ही वाचली, तिथले ताक कधी न कळको, तिथल्या पंगतीला कधी पान कमी न पडो, आणि तिथे कोणी कोणाला खोटे म्हणण्याआधी दोन घटका नुसते बघत बसो. सर्वांचे कल्याण असो.